मुखत्यारी

कोकणातील आमच्या आजोळी कुत्र्याला निरोप देण्याचा असा प्रसंग कधी येतच नसे. पडवीच्या कोपऱ्यात, गोणपाटावर बसून जो प्राणी वर्षानुवर्षे राखणीची चाकरी इमानेइतबारे बजावीत आला, तो वार्धक्याने खंगला की एखाद्या सकाळी जागेवर दिसेनासा होई. आजोबा दोन हाका मारीत, गडी वहाळापर्यंत पाहून येई, आणि 'गेला हो बिचारा' एवढ्यावर त्या चाकरीचा हिशेब पुरा होई. त्या कुत्र्यांना पट्टा नव्हता, साखळी नव्हती, आणि नाव असलेच तर ते आधीच्या कुत्र्याकडून वारशाने आलेले असे. त्यांच्या मरणाला कोणी माणसाची संमती मागितली नाही, आणि ती देण्याचा आपल्याला काही अधिकार आहे, असे आजोबांच्याही मनात कधी आले नसावे.

कुत्र्याशी माझे नाते कागदावर आले ते पुण्यात बिऱ्हाड थाटल्यावर. शहरात कुत्रे पाळणे ही केवळ हौस नसून महसुलाचीही बाब आहे, हे तेथे कळले. मुंबई प्रांतिक महानगरपालिकांचा १९४९ चा कायदा मी कुतूहलाने चाळून पाहिला, तेव्हा कुत्र्यांवरील कर आणि नाटकगृहांवरील कर एकाच कलमात शेजारी शेजारी नांदताना आढळले. यात कायदा करणाऱ्यांनी दोहोंपैकी कोणाचा उपमर्द केला, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. ते असो. कर भरला, पावती घेतली, आणि अंक कोरलेला एक पितळी बिल्ला आमच्या खंड्याच्या गळ्यात आला. त्याचा मतलब एवढाच, की हा प्राणी बेवारशी नाही. हा मतलब ज्याला क्षुल्लक वाटेल त्याने १८३२ सालची मुंबई आठवावी: बेवारशी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम निघाला, शिपाई बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातली पाळीव कुत्रीही ओढून नेऊ लागले, आणि एरवी शांतताप्रिय असलेला पारशी समाज संतापून रस्त्यावर उतरला, दुकाने बंद पडली, दंगा शमविण्यासाठी लष्कर बोलवावे लागले.

बिल्ल्याच्या अर्जावर 'मालक' या रकान्यात मी सही केली होती. खंड्याने काय खावे, केव्हा फिरावयास जावे, कोणाच्या अंगावर भुंकू नये, त्याला संतती व्हावी की न व्हावी, हे सर्व त्या सहीच्या बळावर मीच ठरवीत आलो, आणि तोही लांब तोंडाचा, कारवानी रक्ताचा, मुळात शिकारीसाठी जन्मलेला जीव असूनही, हे सारे अत्यंत सौजन्याने मानीत आला.

मग प्रथम जिना सुटला. नंतर कान गेले. नंतर डोळ्यांवर निळसर झाक आली. तरी मी दारात आल्याचे नाकाने जाणून शेपटी जमिनीवर आपटण्याचा रिवाज त्याने मोडला नाही. पाणी तो फार पिऊ लागला, तेव्हा 'उन्हाळा भोवला' असा आमच्या मंडळींचा निदान-निर्णय होता. परंतु १८८६ साली परळला निघालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या आमच्या डॉक्टरांनी त्याच्या तोंडाजवळ नाक नेले, आणि ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मूत्रपिंडाचे सुमारे तीन-चतुर्थांश बळ संपेपर्यंत कुत्रे आपल्या दुखण्याचा फारसा सुगावा लागू देत नाही, आणि लागतो तेव्हा वैद्याच्या हाती थोडेच उरलेले असते, असे त्यांनी मागाहून समजावून सांगितले. मांस बंद झाले, पेज सुरू झाली. ती तो केवळ माझ्या भिडेखातर चाटी. पुढे उठवेनासे होऊन जागच्या जागी घाण होऊ लागली, तेव्हा आम्ही फडके घेऊन वाकलो की तो तोंड भिंतीकडे फिरवी. उपासापेक्षा आणि कण्हण्यापेक्षा मला ते तोंड फिरविणे अधिक असह्य झाले.

"नानासाहेब, औषध माझ्याकडे आहे," डॉक्टर म्हणाले, "तारीख तुम्ही सांगायची."

शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी महाप्रस्थानिक पर्वातील युधिष्ठिर पुढे केला. इंद्राचा रथ दारी उभा असता ज्याने मागून आलेल्या श्वानाला टाकून स्वर्गात जाणे नाकारले, त्या धर्मराजाचे वंशज आपण, आणि आपण आपल्या कुत्र्याला विष टोचणार काय, असा त्यांचा सवाल होता. उदाहरण थोर खरे, परंतु माझ्या प्रकरणाला ते लागू पडत नाही, असेच मला वाटत राहिले. धर्मराजाला केवळ न सोडण्याचा निश्चय करावयाचा होता. त्याच्या श्वानाला काही दुखत नव्हते, आणि तो साक्षात यमधर्मच असल्यामुळे पुढची सोय त्याची त्याला ठाऊक होती. माझा कुत्रा निव्वळ कुत्रा होता. त्याला धरून ठेवणे म्हणजे माझ्या समाधानासाठी त्याच्या यातनांची मुदत वाढवून घेणे. पण उलट बाजूही मला दिसत होती: मुखत्यारपत्रावर ते देणाऱ्याची सही लागते, आणि खंड्याचा पंजा कुठल्याही कागदावर उमटलेला नव्हता. आयुष्यभर ज्याच्या वतीने मी 'होय' आणि 'नाही' म्हणत आलो, त्याला हा एक शेवटचा प्रश्न विचारण्याची भाषा मजजवळ नव्हती, आणि या उणिवेवर कोणत्याही शास्त्रात उतारा सापडला नाही.

तारीख मी सांगितली. डॉक्टर घरी आले, पुढच्या पायावरचे थोडे केस त्यांनी काढले, आणि मंडळींनी त्याचे डोके मांडीवर घेतले. गुंगीच्याच औषधाची ती भारी मात्रा. आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय, हा क्रम त्यांनी आगाऊ सांगून ठेवला होता आणि तो तसाच, माझ्या अपेक्षेपेक्षा फार लवकर पुरा झाला. डोळे मिटत नाहीत, हेही त्यांनी सांगितले होते. त्याची मात्र मनाची तयारी करता आली नाही.

आमच्या मंडळींचे म्हणणे असे, की आठवडाभर आधी बोलावले असते तर ते भिंतीकडे तोंड फिरविणे तरी त्याच्या वाट्याला आले नसते. मला वाटते, आणखी आठवडाभर तो शेपटी आपटीत राहिला असता. दोघांचेही पुरावे बिनतोड आहेत, आणि हा दावा आमच्या घरात अद्याप निकालात निघालेला नाही.