या वयात चेहऱ्याला काय लावायचे?

दवाखान्यात येणारी ज्येष्ठ मंडळी आपल्या तक्रारी ठरावीक क्रमाने मांडतात. आधी गुडघे, मग झोप, मग पोट. चेहऱ्याविषयी काही विचारायचे असेल, तर मात्र सोबतचा मुलगा औषधे आणायला बाहेर गेला की हलक्या आवाजात विचारतात. मागच्या उन्हाळ्यात पंचाहत्तरीच्या एका काकूंनी पिशवीतून काचेची लहान बाटली काढली. “नातीने दिली आहे. घरी सगळे म्हणतात, आता या वयात कशाला? तुम्हीच सांगा, लावू की नको?” बाटलीत क जीवनसत्त्वाचे सीरम होते.

‘या वयात कशाला’ हे वाक्य मला नेहमीच खटकते. ज्या काळजीने आपण वडीलधाऱ्यांचा रक्तदाब मोजतो, त्याच काळजीने त्यांची आरशापुढची पाच मिनिटे जपायला काय हरकत आहे? एखाद्या वृद्ध व्यक्तीने आरशाकडे पाहणेच सोडले, तर मी औषधांआधी मनाची चौकशी करते. मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे आणि सकाळी हे सीरम लावते, हेही इथे सांगून टाकते.

क जीवनसत्त्व म्हणजे अस्कॉर्बिक आम्ल. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना ज्या संशोधनासाठी १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात याचा मोठा वाटा होता. त्वचेला ताठपणा देणारे कोलॅजेन हे तीन पदरी दोरासारखे असते. त्याचा पीळ घट्ट बसण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. उन्हामुळे त्वचेत होणारी हानी ते काही अंशी रोखते आणि काळसर रंगद्रव्य तयार होण्याचा वेगही थोडा कमी करते. म्हणून उन्हाचे डाग हळूहळू फिके होऊ शकतात. त्यासाठी तीन महिने तरी धीर धरावा लागतो. खोल सुरकुत्या मात्र जात नाहीत. कपाळावर किंवा गालावर चिकटवल्यासारखे दिसणारे, खरखरीत तपकिरी उंचवटे तर कोणत्याही सीरमला दाद देत नाहीत.

हे आम्ल मोठे नाजूक आहे. उजेड आणि हवा लागली की ते बिघडते. ताजे सीरम पाण्यासारखे किंवा फिकट पिवळसर असते. ते नारिंगी, मग तपकिरी होऊ लागले की टाकून द्यावे. काकूंच्या बाटलीतले द्रव्य कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले होते. महागाचे म्हणून पुरवून वापरण्याची आपल्या पिढ्यांची सवय इथे उपयोगाची नाही.

उतारवयात त्वचा पातळ आणि कोरडी होते, म्हणून तरुणांसाठी ठीक असलेले प्रमाण आजीआजोबांना झोंबू शकते. बाजारात वीस टक्क्यांपर्यंतची सीरमे मिळतात. त्यापुढे फायदा वाढत नाही, जळजळ तेवढी वाढते. ज्येष्ठांनी दहा टक्के किंवा त्याहून सौम्य घ्यावे. आधी तीन-चार दिवस कानामागे लावून पाहावे, मग एक दिवसाआड चेहऱ्यावर. सकाळी कोमट पाण्याने तोंड धुऊन, टिपून कोरडे करून तीन-चार थेंब, त्यावर साधे मॉइश्चरायझर, आणि बाहेर पडायचे असल्यास सनस्क्रीन. उन्हापासून बचाव न करता सीरम लावणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. आग होत राहिली, तर सहन करत बसू नये, बंद करावे.

“मग लिंबूच चोळले तर?” हा प्रश्न हमखास येतो. कृपा करून चोळू नका. लिंबाचा रस फार आम्ल असतो आणि तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन नवे काळे डाग पडू शकतात. लिंबाची जागा पानात डाव्या बाजूला आहे, तिथेच ते असू द्यावे.

काकूंचा खरा प्रश्न बाटलीचा नव्हताच. नाकाच्या कडेला मोत्यासारखी चकाकणारी एक छोटी गाठ होती, मध्यभागी खपली. “हाच डाग जात नाही हो. चार महिने झाले, खपली पडते आणि पुन्हा धरते.” त्यावरच त्या रोज सीरम लावत होत्या. मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले; तुकडा तपासल्यावर तो त्वचेचा कर्करोग निघाला. आपल्याकडे हा प्रकार तसा कमी आढळतो. तो सहसा शरीरात इतरत्र पसरत नाही, पण दुर्लक्ष केल्यास नाक पोखरतो. छोट्या शस्त्रक्रियेत काकूंची गाठ निघाली. चार आठवड्यांत न भरणारी जखम, रक्त येणारा डाग, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, यांवर कोणतेही सीरम लावत बसू नये.

चेहऱ्याइतकेच ताटाकडेही पाहिले पाहिजे. एकट्या राहणाऱ्या कित्येक वृद्धांचे जेवण चहा-बिस्किटे आणि खिचडीवर येऊन थांबते. अशांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर क जीवनसत्त्वाची कमतरता मनात आणावी. पुरुषांना दिवसाला ८० आणि स्त्रियांना ६५ मिलिग्रॅम पुरते. एका मध्यम पेरूत याहून बरेच अधिक असते. दात नसतील तर बिया काढून गर द्यावा, किंवा आवळ्याचा कीस. लिंबू आमटीत उकळण्यापेक्षा वाढताना पिळावे, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला सीरमची गरज नाही. अंग पुसून झाल्यावर त्वचा ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर लावावे. ते लावताना कानामागे, नाकाच्या कडेला आणि टाळूवर एकदा नजर फिरवावी. स्वतःचा चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात.