मोठ्यांनी लहानांच्या दारी

ती. बाबांना,


पॅरिसचा पीएसजी क्लब सोडून मी चौथ्या-पाचव्या डिव्हिजनच्या संघांचे सामने का बघते, हे फोनवर धड सांगता आलं नाही. म्हणून हे पत्र.

इथल्या ‘कूप द फ्रान्स’मध्ये दरवर्षी सात हजारांवर क्लब उतरतात. हिंदी महासागरातल्या रेयूनियों बेटावरचे संघसुद्धा. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि दोन संघांत दोन डिव्हिजनांचं अंतर असलं की सामना लहान क्लबच्या मैदानावर. सगळी मजा या नियमात आहे. लहानाला नुसती संधी देऊन भागत नाही, मोठ्याला त्याच्या चिखलात उतरवावं लागतं! तुम्ही मुंबईत कुपरेजवर रोव्हर्स कप पाहिलेला, बाद फेरीतली धाकधूक तुम्हाला मी काय सांगणार?

१९१५ मध्ये आघाडीवर मारल्या गेलेल्या शार्ल सिमों या फुटबॉल संघटकाच्या नावाने हा कप १९१७ मध्ये, ऐन युद्धात सुरू झाला. चाळीस वर्षांनी, अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं असताना, याच कपात अल्जीअर्सच्या एल बियार क्लबने बलाढ्य रेंसला २-० हरवलं. हे रेंस आदल्याच वर्षी युरोपियन कपच्या फायनलला गेलेलं.

पण माझा जीव कॅले शहराच्या क्लबवर. २००० साली चौथ्या डिव्हिजनची, नोकरीधंदा सांभाळून खेळणारी ही पोरं लील, स्ट्रासबूर आणि गतविजेत्या बोर्दोला (लीगचे विजेते, बरं का) गारद करून फायनलला पोचली. त्यांचं मैदान अपुरं, म्हणून मोठे सामने दुसऱ्या गावांत भरले. तेव्हा नियमाचा फायदाही पुरता मिळाला नाही. फायनलला नान्तविरुद्ध पहिला गोल त्यांचाच. मग बरोबरी, आणि अगदी शेवटी पेनल्टीवर हार. नान्तचा कप्तान लाँद्रो जेमतेम वीस वर्षांचा. त्याने कॅलेच्या कप्तानाला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून कप उचलला.

लोक याला परीकथा म्हणतात. मला नाही पटत. त्या पराक्रमाच्या नावाने शहराने नवं स्टेडियम बांधलं, आणि २०१७ मध्ये क्लबच कर्जापायी बुडाला. कपाने नाव दिलं, पोट भरण्याची सोय नाही केली.

पुढच्या फेरीच्या चिठ्ठ्या निघाल्या की कळवीन. आईला नमस्कार.

तुमची लेक