रेघ बुजते, रेघ जाते

रिसोड तालुक्यातील केनवड येथे सोयाबीनची मळणी सुरू झाली की धूळ साऱ्या गावावर उतरते. दुकानाच्या फळीवर, पेढीच्या गादीवर, जमाखर्चाच्या वहीवर आणि दारात उभ्या असलेल्या वाहनावर ती सारखीच बसते. येथील एका धान्य-व्यापारी कुटुंबाने दसऱ्याच्या मुहूर्तावर काळ्या रंगाची मोटार घेतली. घरातील चौदा वर्षांच्या नातवाने तिची सेवा आपण होऊन स्वीकारली. शाळेत जाण्यापूर्वी तो रोज कोरड्या सुती फडक्याने ती पुसून लख्ख करी. पाणी जपून वापरावे ही घरची शिकवण; म्हणून तांब्याभर पाणीही तो घेत नसे.

काही महिन्यांनी सर्व मंडळी शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास गेली. परतताना भर दुपारच्या उन्हात आजोबांची दृष्टी गाडीच्या बॉनेटवर गेली. काळ्या रंगात सूर्याचे प्रतिबिंब पडले होते आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेघा चमकत होत्या. दुसऱ्या दिवशी दुकानात, मुनीम आणि माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांच्या देखत, ते नातवावर कडाडले, "कोणी सांगितला होता तुला हा उद्योग? नव्या गाडीचं वाटोळं केलंस!" मुलाने फडके खुंटीला अडकवले. त्या दिवसापासून तो गाडीजवळ गेला नाही आणि दुकानातही येईनासा झाला.

वस्तुतः मुलाचा हात गोल फिरला म्हणून रेघा गोल उमटल्या नव्हत्या. त्या वाटेल त्या दिशेने गेलेल्या असतात. परंतु प्रकाशाच्या बिंदूला वळसा घालणाऱ्या तेवढ्याच चमकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळ दिसते. आजच्या मोटारींच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारणतः चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. धुळीत गारेचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कठीण असतात. कोरडे फडके त्या कणांना थरावरून फरफटत नेते. दोष मुलाच्या निष्ठेचा नव्हता. फडके आणि रंग यांच्यामध्ये राहिलेल्या कणांचा होता.

आजोबांनी गाडी प्रथम एका कारागिराकडे नेली. त्याने तासाभरात ती आरशासारखी करून दिली. परंतु तीन-चार वेळा धुताच रेघा पुन्हा दिसू लागल्या. त्याने रेघा काढल्या नव्हत्या, त्यांत तेलकट लेप भरून त्या बुजवल्या होत्या. लेप वाहून गेला, रेघ उरली.

तत्त्वार्थसूत्राच्या टीकाकारांनी उपशम आणि क्षय यांतील भेद गढूळ पाण्याच्या दृष्टान्ताने समजावला आहे. निवळीने गाळ तळाशी बसतो, पाणी स्वच्छ दिसते. पण भांडे हलताच गाळ वर येतो. तेच निवळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले, तर गाळाचा संबंधच सुटतो. आजोबांना हा दृष्टान्त स्वाध्यायात अनेकदा भेटला होता. त्याचा अर्थ त्यांना गाडीच्या पत्र्यावर दिसला.

दुसरा कारागीर सावकाश काम करणारा होता. त्याने आधी गाडी धुतली, मग रेघांवरून नख फिरवले. नख अडकले तर रेघ पॉलिशच्या आवाक्याबाहेरची असते. येथे ते कोठे अडकले नाही. नंतर त्याने छोट्या यंत्राने रंगाची जाडी मोजली. "रेघ काढायची म्हणजे रेघ उचलून नेता येत नाही, शेठ," तो म्हणाला. "तिच्या आजूबाजूचा थर तिच्या तळापर्यंत घासून खाली आणावा लागतो. थोडा थर जातो, तेव्हा रेघ जाते. म्हणून हे काम वरचेवर करायचं नसतं."

आजोबांनी विचारल्यावर त्याने लोकरीची गादी बाजूला ठेवून फोमची गादी यंत्राला लावली. आधी हातभर जागेवर सौम्य पॉलिश चालवून पाहिले. त्याने भागले, म्हणून तीव्र कंपाउंड उघडलेच नाही. एकेक भाग घासून, पुसून, दिव्याखाली तपासून तो पुढे सरकला. शेवटचा संरक्षक लेपही मधमाशांच्या मेणाचा नव्हता. ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या कार्नौबा ताडाच्या पानांवरून मिळणाऱ्या मेणाचा होता.

परतीच्या वाटेवर आजोबांना आठवले, की मधल्या काळात त्यांनी नातवाला नवे मनगटी घड्याळ आणून दिले होते. मुलाने ते नम्रपणे घेतले आणि कपाटात ठेवून दिले. तो लेप होता. शब्द ज्यांच्यासमोर उच्चारले गेले होते, त्यांच्यासमोर काहीच घडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला दुकानात बोलावले. मुनीम होता, मापासाठी आलेली माणसे होती. गादीवरून उठून ते म्हणाले, "बाळा, तू गाडी मनापासून पुसत होतास. कशी पुसायची हे मी तुला कधी सांगितलं नाही आणि वर चारचौघांत बोललो. माझं चुकलं. मला क्षमा कर." वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला असे बोलताना आपला थोडा थर झिजवावाच लागतो. मुलगा काही बोलला नाही. फक्त खाली वाकून त्यांच्या पाया पडला.

क्षमापना वर्षातून एकदा येते, हे खरे. पण कारागिराचे म्हणणे विसरू नये. थर मर्यादित असतो. वारंवार रेघ पाडावी आणि वारंवार काढावी, असे चालत नाही. निर्जरेइतकेच संवरालाही महत्त्व आहे ते याचमुळे.

आता त्या घरी गाडी आठवड्यातून एकदा, सकाळी सावलीत धुतली जाते. प्रथम गाळलेले पाणी वरून सोडून धूळ वाहू देतात. मग दोन बादल्या: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत प्रत्येक वेळी फडके खळबळून घेण्यासाठी साधे पाणी. मऊ मायक्रोफायबर फडके वरून खाली, सरळ फिरते. खाली पडलेले फडके पुन्हा गाडीला लागत नाही. नातू धुतो. आजोबा बादली धरतात.