ठेवून गेलेली पेटी

आश्विन महिना सरत आला की जव्हारच्या पठारावरून पाऊस निघून जातो. चार महिने धुक्यात दडलेले डोंगर पुन्हा डोळ्यांना दिसू लागतात. उतारावरची नागली पिकते, खाचरांतील भात लोंब्यांच्या भाराने वाकतो आणि आश्रमशाळेतील मुलांचे लक्ष फळ्यावरून उडून वारंवार खिडकीबाहेर जाते. वाघबारस जवळ आलेली असते. तिच्या पाठोपाठ दिवाळी येणार असते. शाळेचे पहिले सत्र संपत आलेले असते.

जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर वसलेले गाव. एके काळी ते एका संस्थानाची राजधानी होते. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले आणि जव्हार ठाणे जिल्ह्यात आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर ते त्या जिल्ह्यात गेले. त्याच्या पूर्वेस मोखाडा तालुका पसरला आहे. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा समाजांचे पाडे येथील डोंगरांच्या कुशीत विखुरलेले आहेत. पाड्यापासून शाळा दूर, वाट चढणीची आणि पावसाळ्यात ओढे दुथडी भरून वाहणारे. म्हणून पुष्कळ मुले आश्रमशाळेतच राहून शिकतात.

नव्याने आलेल्या मुलाला ही शाळा परदेशासारखी वाटते. घरी वारली बोली कानांवर पडलेली, येथे पुस्तकातील मराठी. घरी चुलीजवळ भावंडे एका ओळीत निजणारी, येथे लांबच लांब खोलीत अनोळखी मुले. घरी कोंबडा आरवला की दिवस उगवे, येथे तो घंटेबरोबर उगवतो. शिकण्यासाठी घर सोडणाऱ्या प्रत्येकाला हे परकेपण सोसावे लागते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आधार दिला, त्यांना त्या मावशी म्हणू लागल्या. १८८६ साली डॉक्टर होऊन त्या स्वदेशी निघाल्या, तेव्हा त्यांना निरोप देणारे एक घर सातासमुद्रापलीकडे निर्माण झालेले होते.

मोखाड्याच्या एका पाड्यावरील मुलगी अशीच एका वर्षी जूनच्या पावसात जव्हारच्या शाळेत पाचवीत आली. पहिले आठ दिवस ती कोणाशी बोलली नाही. रात्री पांघरुणाखाली तिचे हुंदके ऐकू येत. शेजारी निजणाऱ्या मुलीने एके दिवशी आपल्या वाट्याचा गुळाचा खडा फोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. त्या दिवसापासून दोघी सोबत जेवू लागल्या, सोबत धडे म्हणू लागल्या. आश्विन आला तोवर ती मुलगी प्रार्थनेनंतर सर्वांसमोर वर्तमानपत्र वाचून दाखवू लागली होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळपासून पालक येऊ लागले. या वसतिगृहात एक न सांगितलेली रीत होती. जी मुलगी परत यायची असे ती आपली पत्र्याची पेटी फळीवर ठेवून केवळ कपड्यांचे गाठोडे नेई; जी शाळा सोडायची असे ती पेटी उचलून नेई. म्हणून अधीक्षिकाबाई त्या दिवशी मुलींच्या चेहऱ्यांकडे पाहत, तशा फळीकडेही पाहत असत.

मोखाड्याच्या मुलीचे वडील दुपारी आले. घरची शेती तुटपुंजी. भातकापणी संपली की तिकडची अनेक कुटुंबे भिवंडी, वसई या भागांतील वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडी परततात. वडिलांनी भट्टीमालकाकडून आगाऊ बयाणा घेतलेला होता. भट्टीवर आईबाप विटा पाडणार, तेव्हा दीड वर्षाच्या भावाला सांभाळायला कोणी तरी हवे होते.

"यंदा पेटी घेऊनच जातो, बाई," ते खाली पाहून म्हणाले.

मुलीने पेटीची कडी घट्ट धरली होती. बाईंनी उपदेश केला नाही. त्या म्हणाल्या, "पेटी जड आहे, दादा. मोखाड्याला उतरल्यावर पुढे दोन कोसांची चढण. कापणी होईपर्यंत राहू द्या ती इथे."

वडिलांनी क्षणभर विचार केला आणि मान हलविली. मुलीने पेटी फळीवर ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. फाटकापाशी मैत्रीण रडत उभी होती. "जाते," असे म्हणताच तिने हिचा हात धरला. "जाते नाही म्हणायचे. येते म्हण."

"येते," मुलगी म्हणाली.

घरी सुट्टी भरकन सरली. कापणी झाली, तारप्याच्या सुरावर पाड्यातील माणसे रात्री फेर धरून नाचली, नव्या तांदळाची भाकरी झाली. इकडे शाळा उघडली. गाठोडी घेऊन मुली परतल्या आणि फळीवरच्या पेट्यांची कुलुपे निघू लागली. तीन पेट्या मात्र तशाच राहिल्या. मैत्रीण रोज सकाळी त्यांतील एका पेटीवरची धूळ पुसून ठेवी. बाई हजेरीपटात त्या मुलीच्या नावापुढची खूण शिसपेन्सिलीने करीत, म्हणजे पुढे मनाला वाटले तर खोडता यावी.

तेराव्या दिवशी संध्याकाळी एस.टी.तून एक कुटुंब उतरले. वडिलांच्या डोक्यावर बोचके, आईच्या कडेवर मूल, आणि मागे ती मुलगी. भट्टीकडे जाताना ते वाटेत जव्हारला उतरले होते.

"रोज गळ्यातली किल्ली दाखवायची," वडील बाईंना म्हणाले. "शेवटी म्हटले, जिची किल्ली तिची पेटी. धाकट्याला आम्ही बघू. तिथल्या भोंग्यात हिची पुस्तके कुठे ठेवणार?"

भट्टीवरील मजुरांच्या झोपडीला भोंगा म्हणतात. अशा भोंग्यांतील मुलांची अक्षरओळख तुटू नये म्हणून विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालविल्या. त्याही पूर्वी, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात शाळाच कुरणावर नेली होती. परंतु प्रत्येक मुलाच्या मागे शाळा पोहोचतेच असे नाही.

आता निरोप उलटा झाला होता. मुलगी राहणार होती आणि आईबाप परमुलखाला निघाले होते. आईने धाकट्याला क्षणभर तिच्या हातांत दिले व पुन्हा घेतले. वडील पायरीवर थबकले.

"येतो, बाय. होळीला येतो."

एस.टी.चा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत मुलगी फाटकापाशी उभी राहिली. मग तिने गळ्यातली किल्ली काढली. पेटीवर धुळीचा कणही नव्हता. तिने मैत्रिणीकडे पाहिले आणि कुलूप उघडले.

उरलेल्या दोन पेट्या बाईंनी फळीवरून हलविल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी मिळून त्यांच्यावरची धूळ पुसू लागल्या.