एका डब्यात तीन भाडेकरू

हायपरव्हायझर म्हटलं की ऑफिसातली ती थंडगार सर्व्हर रूम आठवते ना? एसीची घरघर, दारावर 'नो एन्ट्री'! पुण्यात माझा पगार त्याच रूमच्या जिवावर चालतो. पण त्यातला खरा फंडा मला पटला तो दोंडाईच्यात, काकांच्या छापखान्यात.

काकांचा धंदा लग्नपत्रिकांचा. विंडोज एक्सपी, श्रीलिपीचे फॉन्ट आणि पेजमेकर ७. हे पेजमेकर २००१ सालचं, त्यानंतर नवी आवृत्ती आलीच नाही. वीस वर्षांच्या पत्रिका त्या एका कॉम्प्युटरवर. थोरल्याच्या लग्नाची फाइल काढायची, नाव-मुहूर्त बदलायचा, धाकट्याची पत्रिका तयार! निम्मी गिऱ्हाइकं अशीच. आणि तो कॉम्प्युटर आता शेवटच्या घटका मोजत होता. सुरू करताना काका चक्क हात जोडायचे.

'मग नवा घ्या की,' हे बोलायला सोपं. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या मशीनवर 'श्री गणेशाय नमः'चा नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये मजकूर आणता येतो, पण वेलबुट्टीत बसवलेली मांडणी पुन्हा करावी लागते. शिवाय साठी ओलांडलेल्या बोटांना नवा कीबोर्ड कोण शिकवणार? दुसरीकडे चुलतभावाला जीएसटी भरायला विंडोज ११ हवं. एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला. काका छापखाना विकायच्या गोष्टी करू लागले होते.

दिवाळीला मी मिनी पीसी घेऊन गेलो. इंटेल एन१०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. काकांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं. "हाई काय शे भो? जेवणना डबा का?"

हायपरव्हायझर म्हणजे वाड्याचा मालक. एकाच वाड्यात भाडेकरू ठेवतो, आणि प्रत्येकाला वाटतं, घर आपलं एकट्याचं. मालक म्हणून मी प्रॉक्समॉक्स निवडलं. व्हिएन्नाच्या कंपनीचं, २००८ पासूनचं, ओपन सोर्स. आमच्या ऑफिसात व्हीएमवेअर आहे, पण नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं ते घेतलं, २०२४ मध्ये फुकटचं ईएसएक्सआय बंद झालं आणि २०२५ मध्ये परत आलं. छापखान्याला ही धाकधूक कशाला?

बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, पेन ड्राइव्हवरून प्रॉक्समॉक्स टाकलं, पुढचं सगळं लॅपटॉपच्या ब्राउझरमधून. विंडोज ११ ला ६ जीबी रॅम आणि खोटी टीपीएम चिप दिली. लिनक्सला २ जीबी. एक्सपीला फक्त १, आणि त्यातही ती खूश!

खरी मजा एक्सपीची. मूळ सीडी काकांनी बिलांसकट जपल्या होत्या. नव्या पद्धतीची डिस्क एक्सपीला ओळखू येत नाही, म्हणून तिला आयडीई डिस्क असल्याचं भासवलं. फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं यूएसबी लॉक डब्याला लावून थेट एक्सपीच्या हवाली केलं. इंटरनेट मात्र नाही म्हणजे नाही. तिच्यासाठी बाहेर न जाणारं वेगळं नेटवर्क केलं, त्यावर ती फक्त लिनक्समधल्या एका फोल्डरशी बोलते. तेवढ्यासाठी लिनक्सला फाइल-शेअरिंगची जुनी बोली मुद्दाम चालू करून द्यावी लागली. पत्रिकेची पीडीएफ त्या फोल्डरमध्ये पडते, विंडोज ११ ती उचलून छापते.

काकांचा जुना कीबोर्ड लॅपटॉपला जोडला, एक्सपीची स्क्रीन फुल केली. ते बसले, २००९ ची एक फाइल उघडली, वेलबुट्टी जागच्या जागी. काही बोलले नाहीत. मग एका गिऱ्हाइकाला फोन लावून म्हणाले, "उद्या प्रूफ बघायला या."

तीन भाडेकरू एका डब्यात, म्हणजे डबा गेला की तिघेही रस्त्यावर. म्हणून यूपीएस लावला, आणि दर रविवारी रात्री बॅकअप. त्यासाठी दोन डिस्क आहेत, आलटून पालटून. एक छापखान्यात, दुसरी काकूंच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली.

चुलतभावाला आता चौथा भाडेकरू हवाय, सीसीटीव्हीसाठी. रॅम १६ जीबीच, त्यामुळे तो सध्या वेटिंग लिस्टवर.