अगस्त्यारकूडम : काणींच्या वाटेनं

तिरुवनंतपुरमहून विदुरामार्गे निघालेली बस बोणक्काडला थांबते आणि डांबरी रस्ता तिथेच संपतो. इंग्रजांच्या काळात लावलेला चहाचा मळा आता जंगलात विरघळत चालला आहे. छाटणी न झाल्यामुळे चहाची झुडपं वाढून झाडं झाली आहेत, कारखान्याच्या खिडक्यांना काचा उरलेल्या नाहीत. कामगारांच्या काही खोल्यांतून मात्र सकाळी चुलीचा धूर निघताना दिसतो. मळा बंद पडला तरी ही माणसं इथेच राहिली. त्यांच्या दारावरून पुढे गेलं की वनखात्याची चौकी लागते आणि तिथून अगस्त्यारकूडमची पायवाट सुरू होते.

अगस्त्यारकूडमची उंची 1868 मीटर. आपल्या कळसूबाईची 1646. तापीच्या दक्षिणेला सुरू होऊन सुमारे 1600 किलोमीटर धावणारा सह्याद्री संपण्यापूर्वी इथे एकदा जोरात डोकं वर काढतो. शिखर केरळ आणि तमिळनाडूच्या सीमेवर आहे. वर्षातला बहुतेक काळ ते बंद असतं. मकरसंक्रांतीच्या सुमारास वाट खुली होते आणि महाशिवरात्रीच्या आसपास पुन्हा बंद. रोज मोजक्याच लोकांना परवाना मिळतो, आणि प्रत्येक गटाबरोबर स्थानिक वाटाड्या असावाच लागतो. हे वाटाडे काणी समाजाचे. या डोंगराचे मूळ रहिवासी तेच.

आमच्याबरोबरच्या वाटाड्यांना सगळे ‘चेट्टन’ म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगकाठी सडपातळ, कमरेला कत्ती, पाय अनवाणी. चौकीवर आमच्या पिशव्यांतलं प्लास्टिक काढून घेतलं गेलं. चेट्टन झाडाखाली क्षणभर हात जोडून उभे राहिले आणि मग काही न बोलता चालायला लागले. आमच्या गटात एक मल्याळी मित्र होता. चेट्टनचं बोलणं तो आम्हाला सांगत होता, पण त्यालाही अधूनमधून अडायला व्हायचं. काणींची बोली मल्याळम आणि तमिळ यांच्या मधली, आणि काही बाबतींत दोन्हींहून वेगळी.

पहिल्या टप्प्यात ओढे फार. करमनयार, वाळप्पैंतियार, अट्टयार असे एकामागून एक लागत जातात. प्रत्येक ओढ्यावर चेट्टन थांबत, पाणी पीत आणि आम्हालाही प्यायला लावत. हेच पाणी पुढे करमना नदी होऊन पेप्पारा धरणात साठतं आणि तिरुवनंतपुरमच्या नळांना जातं. दक्षिणेकडच्या उतारावरून नेय्यार निघते, पूर्वेकडून ताम्रपर्णी तिरुनेलवेलीच्या भातशेतीकडे उतरते. दोन राज्यांची तहान भागवणारा हा डोंगर आहे आणि त्याची राखण शतकानुशतकं काणींनी केली आहे.

ओढे मागे पडले आणि जंगल दाट झालं. दुपारच्या उन्हातही खाली हिरवट अंधार होता. नागचाफ्याचे ताठ बुंधे, त्यांना लोंबणारे वेत, आधारमुळं पसरून उभी असलेली प्रचंड झाडं आणि खाली ईट्याची बेटं. ईटा हा बांबूचाच बारीक भाऊबंद. काणींच्या घरांच्या भिंती, टोपल्या, चटया सगळं त्याचं. हत्तींनाही तो तितकाच प्रिय. एका वळणावर चेट्टननी हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थबकलो. मोडलेल्या ईट्याच्या टोकाला त्यांनी बोट लावलं, ते ओलं होतं. जवळच पडलेल्या लिदीवर तळहात धरून पाहिला आणि वाट सोडून आम्हाला वरच्या अंगानं नेलं. हत्ती आम्हाला दिसले नाहीत. खालून फांद्या मोडल्याचे आवाज तेवढे बराच वेळ येत होते. पुढे झाडांच्या शेंड्यांवर सिंहपुच्छ वानरांचा कळप काटेरी फळं फोडत बसलेला दिसला. ही वानरं जगात फक्त पश्चिम घाटात आहेत.

मला खास पाहायची होती ती वनस्पती एका ओढ्याच्या काठी, सावलीत दिसली. गुडघ्याच्याही खाली राहणारं साधं झुडूप, हृदयाच्या आकाराची चकचकीत पानं. चेट्टननी कत्तीच्या टोकानं ती दाखवली, हात मात्र लावला नाही. ही आरोग्यपच्चा. या झुडपापाशी भारताच्या वनस्पतिशास्त्राचा आणि कायद्याचाही एक महत्त्वाचा अध्याय सुरू झाला.

1987 मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचं एक पथक याच डोंगरात फिरत होतं. आदिवासींचं वनस्पतिज्ञान नोंदवण्याच्या देशव्यापी प्रकल्पाचा तो भाग होता. चढणीवर शास्त्रज्ञ थकून बसत आणि त्यांचे काणी वाटाडे ताजेतवाने असत. चालता चालता ते कसली तरी लहान फळं तोंडात टाकताना दिसले. विचारल्यावर त्यांनी सुरुवातीला काही सांगितलं नाही, कारण ते ज्ञान समाजाबाहेर द्यायचं नाही असा दंडक होता. या ज्ञानाचा गैरवापर होणार नाही असा शब्द मिळाल्यावर त्यांनी आरोग्यपच्चाचं हे झाड दाखवलं. पुढे पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेनं त्यातून ‘जीवनी’ हे शक्तिवर्धक औषध तयार केलं. 1995 मध्ये कोइमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी त्याचा परवाना दिला. परवाना शुल्क 10 लाख रुपये आणि विक्रीवर 2 टक्के स्वामित्वधन. त्यातला अर्धा वाटा काणींना द्यायचा असं संस्थेनं ठरवलं. त्यासाठी 1997 मध्ये काणींचा विश्वस्त निधी नोंदवला गेला आणि 1999 मध्ये त्यात 5 लाखांहून थोडी अधिक रक्कम जमा झाली.

रक्कम आज लहान वाटेल, पण तेव्हा जगात असं क्वचितच घडलं होतं. 1992 च्या जैवविविधता कराराच्या आठव्या कलमात आदिवासींच्या पारंपरिक ज्ञानाचा आदर करावा आणि त्यातून होणारा लाभ त्यांच्याशी वाटून घ्यावा असं म्हटलं आहे. ते कागदावरून जमिनीवर आणण्याचं उदाहरण म्हणून काणींचं नाव जगभरच्या परिषदांत घेतलं जाऊ लागलं. भारताचा जैविक विविधता कायदा 2002 मध्ये संमत झाला. त्याआधीच ही वाट इथे मळली होती.

मात्र ही गोष्ट इथे गोड संपत नाही. काणींच्या वस्त्या अनेक, प्रत्येकीचा मुखिया म्हणजे मूट्टुकाणी वेगळा. ज्ञान सगळ्यांचं असताना आम्हाला विचारलंच नाही, असा आक्षेप काही वस्त्यांनी घेतला. उपचार करणारे आणि मंत्र जाणणारे प्लात्ती यांनाही हे ज्ञान असं बाहेर जाणं पसंत नव्हतं. राखीव जंगलातून झाड काढायला मनाई, आणि जंगलाबाहेरच्या लागवडीत अडचणी. त्यामुळे कच्चा माल मिळेना. परवान्याची मुदत संपली आणि पैशाचा ओघही आटला. चेट्टनना मी विचारलं की या औषधातून तुमच्या घरी काय आलं. ते थोडा वेळ चालत राहिले, मग म्हणाले, “आमचं नाव पुस्तकांत आलं. मुलांना ते माहीत आहे.” त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. ऐकताना मला मात्र वाईट वाटलं.

केरळच्या मातीत याहून जुनं एक उदाहरण आहे आणि त्याच्याशी आपलंही नातं आहे. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. 1678 ते 1693 या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. ज्यांच्या ज्ञानावर तो उभा राहिला त्यांची नावं त्यात दिली आहेत. एक इट्टी अच्युतन हे वैद्य आणि तीन कोंकणी ब्राह्मण : रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. गोव्याकडून कोचीला गेलेल्या समाजातले हे तिघे. त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र त्यात देवनागरीत, कोंकणीत छापलं आहे. सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका परक्या अधिकाऱ्याला जी कृतज्ञता सुचली, ती पुढच्या काळात बहुतेकांना सुचली नाही. झाडांना लॅटिन नावं मिळाली, त्यापुढे संशोधकांची आडनावं लागली, आणि वाट दाखवणारे निनावी राहिले.

पहिला मुक्काम अतिरुमलाला. हत्तींनी आत येऊ नये म्हणून तळाभोवती चर खणलेला आहे. स्थानिक लोकांच्या समितीच्या खानावळीत गरम कंजी म्हणजे तांदळाची पेज आणि मुगाची पयर मिळाली. अंधार पडल्यावर वाटाडे शेकोटीजवळ जमले. त्यांच्यातल्या एका तरुणानं कोक्करा आणला होता. कोक्करा म्हणजे खाचा पाडलेली लोखंडी नळी, तिच्यावर दुसरी सळई घासून ताल धरतात. आजार उतरवण्यासाठी रात्रभर चालणाऱ्या विधीत, चाट्टुपाट्टूमध्ये, हे वाद्य लागतं. तिथे तो विधी नव्हता, फक्त ताल होता, आणि तो ऐकत आम्ही बसून राहिलो.

त्याच शेकोटीपाशी राजघराण्याच्या गोष्टी निघाल्या. आधुनिक त्रावणकोरचा पाया घालणारा मार्तंड वर्मा राज्यावर येण्यापूर्वी शत्रूंपासून लपत फिरत होता, तेव्हा काणींनी त्याला जंगलात आसरा दिला असं ते सांगतात. त्या नात्याची आठवण म्हणून आजही ओणमच्या वेळी काणी मध आणि ईट्याच्या वस्तू घेऊन तिरुवनंतपुरमच्या राजवाड्यात जातात.

दुसऱ्या दिवशीची चढण खरी कसोटीची. झाडं हळूहळू बुटकी झाली, त्यांच्या फांद्यांवर शेवाळाचा जाड थर दिसू लागला. पोंगलप्पाराच्या उघड्या कातळावर वारा अंगाला झोंबत होता. कड्यांवर बेंटिंकिया नावाचे सडपातळ ताड उभे होते. त्यांची ही जात पश्चिम घाटाच्या या दक्षिण भागाबाहेर आढळत नाही, आणि नाव मात्र लॉर्ड बेंटिंकचं. याच डोंगरात 1865 मध्ये कर्नल हेबर ड्रुरी यांना पिवळ्या फुलांचं एक दुर्मीळ ऑर्किड मिळालं. पुढे शौकिनांनी ते इतकं ओरबाडलं की ते नष्टच झालं असं समजलं गेलं. 1972 मध्ये ते पुन्हा सापडलं. ते आज कुठे फुलतं हे चेट्टननी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. युनेस्कोच्या नोंदीप्रमाणे अगस्त्यमला जीवावरण राखीव क्षेत्रात 2254 प्रकारच्या उच्च वनस्पती आहेत, त्यांतल्या सुमारे 400 केवळ इथल्या. 2016 मध्ये हे क्षेत्र जागतिक जीवावरण जाळ्यात घेतलं गेलं.

शेवटचे कातळ दोर धरून चढावे लागतात. वर अगस्त्य ऋषींची मूर्ती आहे. तमिळ परंपरा अगस्त्यांना तमिळ व्याकरणाचे आणि सिद्ध वैद्यकाचे जनक मानते. आपल्याकडे अकोले इथे प्रवरेकाठी त्यांचा आश्रम दाखवतात. सह्याद्रीच्या दोन टोकांना एकच ऋषी भेटतो. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संगनं वर्णन केलेला बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचा पोतलक पर्वत म्हणजे हीच रांग, असंही काही अभ्यासक मानतात. काणींसाठी अगस्त्य हे त्यांचे गुरू आणि हे शिखर त्यांचं देवस्थान. म्हणून स्त्रियांनी वर येऊ नये अशी त्यांची रूढी होती. नोव्हेंबर 2018 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं स्त्रियांना परवाना नाकारता येणार नाही असा निकाल दिला आणि जानेवारी 2019 मध्ये धन्या सनल या महिला ट्रेकर शिखरावर पोचल्या. काणींनी पायथ्याशी बसून निषेध नोंदवला, पण वाट अडवली नाही. आमच्या गटातल्या मुलींनाही चेट्टननी शेवटच्या कातळावर हात देऊन वर घेतलं. निकाल न्याय्य आहे यात मला शंका नाही. मनाला न पटलेलीही गोष्ट इतक्या सभ्यतेनं स्वीकारणाऱ्या माणसांबद्दलचा आदर मात्र तिथे दुणावला.

याच माथ्यावर 1855 मध्ये जॉन ॲलन ब्राउन या स्कॉटिश शास्त्रज्ञानं हवामान आणि भूचुंबकत्वाच्या नोंदींसाठी वेधशाळा उभारली होती. तो त्रावणकोरच्या महाराजांच्या वेधशाळेचा संचालक. मुंबईत कुलाब्याला चाललेलं काम इथे ढगांच्या उंचीवर करायचं असा हा खटाटोप होता. नाजूक उपकरणं या कातळांवर माणसांच्या खांद्यांवरूनच आली. ब्राउनचं नाव विज्ञानाच्या इतिहासात आहे, ओझी वाहणाऱ्यांची नावं कुठेही नाहीत.

2011 मध्ये माधव गाडगीळ समितीनं पश्चिम घाटाबद्दल सांगितलं होतं की निर्णय ग्रामसभांपासून, तिथे राहणाऱ्या माणसांपासून सुरू झाले पाहिजेत. अगस्त्यारकूडमच्या वाटेवर त्या म्हणण्याचा अर्थ पावलोपावली कळतो. सह्याद्रीत आपण हिंडतो तेव्हा महादेव कोळी, ठाकर, कातकरी वाटाड्यांच्या भरवशावरच हिंडतो. त्यांना पूर्ण आणि योग्य मोबदला द्या. आपल्या लेखांत, छायाचित्रांखाली, प्रबंधांत त्यांच्या संमतीनं त्यांची नावं लिहा. त्यांनी दाखवलेलं झाड उपटून आणू नका. जंगलाच्या ज्ञानातून कुणाला पैसा मिळणार असेल, तर पहिला वाटा त्यांच्या वस्तीत पोचला का, हे विचारत राहा. हे विचारणं हा आपल्यासारख्या पाहुण्यांचा किमान धर्म आहे.