प्राणहितेचा गाळ

मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, शिंगाड्यासाठी उतरलं की पाय पोटरीपर्यंत रुततो आणि बाजूनं बुडबुडे वर येतात. कुजकट वास. त्या बुडबुड्यांत बराचसा मिथेन. पानं-देठं हवेवाचून चिखलात कुजली की सूक्ष्मजीव तो तयार करतात. सिंदेवाही-नागभीडकडची पोरं नाव न कळता हे रसायनशास्त्र पायानंच शिकतात.

*

समुद्र इथून दूर खरा, पण चपराळ्याला वर्धा-वैनगंगा एक होतात, त्यांची प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, पुढे सोमनूरला इंद्रावती येते. श्रावणातला तो गढूळ लोंढा बंगालच्या उपसागराशी थांबतो. त्यात आपल्या धानाच्या बांधीतली माती असते, सागाचा पाचोळाही.

*

2006 साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ हे जहाज राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी आपल्या किनाऱ्यांजवळ समुद्रतळ खोदत होतं. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दहा क्रमांकाच्या जागी, हजारेक मीटर पाण्याखालच्या तळात, हायड्रेट असलेला सुमारे 128 मीटर जाडीचा थर लागला. चिकणमातीत भेगा, भेगांत पांढरा बर्फ. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन कोंडलेला. काडी लावली तर पेटतो. एक घनमीटर हायड्रेट फुटलं की सुमारे 164 घनमीटर वायू. तलावातला बुडबुडा निसटतो. तिथं थंडी आणि पाण्याचा दाब त्याला धरून ठेवतात, एवढाच फरक.

*

उन्हाळ्यात बांधी भेगाळते ती ओल गेल्यामुळे. समुद्रतळाचं तसं नाही. चिकणमातीची छिद्रं इतकी बारीक की स्फटिकाला त्यांत वाढायला जागाच नसते. मग तो मातीला बाजूला रेटतो. खालून चढणारा वायूही मातीला फाडत येतो. बऱ्याच भेगा जवळजवळ उभ्या.

या उभ्या भेगांनी मोठा चकवा दिला. विजेला होणारा अडथळा मोजून हायड्रेट किती ते ठरवतात. माती सगळीकडून सारखी आहे असं धरून केलेल्या हिशेबात आकडा फुगला. दाब न सोडता वर आणलेल्या नमुन्यांत माल बराच कमी निघाला. नजर पैसेवारी आणि खळ्यावरचं माप यांत पडतं तसं अंतर. भेगांची दिशा हिशेबात घेतल्यावर दोन्ही जवळ आले.

*

‘जळणारा बर्फ देशाला तारणार’ छापाच्या बातम्या मी आता वाचत नाही. दाब कमी केला की हायड्रेट फुटतं खरं, पण चिकणमातीतून वायू वाहायला वाट हवी ना! वाळूतून तो सहज येतो. म्हणूनच 2015 च्या दुसऱ्या मोहिमेत जपानचं ‘चिक्यू’ जहाज याच उपसागरात वाळूचे थर शोधत होतं.

*

मला भावतो तो 2006 च्याच मोहिमेतला 16 क्रमांकाच्या जागेचा नमुना, गोदावरीच्या मुखासमोरचा. त्यातला पानांवरच्या मेणाचा अंश संशोधकांनी तपासला. गवताच्या आणि झाडांच्या मेणातल्या कार्बनची ठेवण निराळी असते. त्यावरून गेल्या सुमारे 4,000 वर्षांत खोऱ्यात कोरडेपणा वाढत गेल्याचं दिसलं. गाळही नंतर वाढला, आणि त्याचा संबंध त्यांनी शेतीसाठी मोकळ्या झालेल्या जमिनीशी जोडला. म्हणजे वायू शोधायला गेलेल्या जहाजानं नांगराची नोंद वर आणली. वायूपेक्षा ही मिळकत मोठी, असं माझं मत.

त्या नमुन्याचे वरचे साडेआठ मीटर म्हणजे सुमारे 11,000 वर्षांचा गाळ.